भिडूशी बोलायचं नाही

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये सहा-सात टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलाभोवती चार-पाच माणसं आणि मध्ये पत्त्यांचा अपुरा जोड. एक्क्यापासून सत्तीपर्यंत, चार रंगांची मिळून २८ पानं. शेजारी नियमांचा एक कागद. तो वाचायचा, एक-दोन डाव खेळून सवय करून घ्यायची, आणि मग चालक येऊन कागद उचलून नेतो. त्या क्षणापासून बोलणं बंद. लिहिणंही बंद. हातवारे चालतील, चित्र काढून दाखवलंत तरी हरकत नाही, शब्द मात्र एकही नको. काही मिनिटांनी फेरी संपते. जिंकणारा वरच्या टेबलावर जातो, हरणारा खालच्या. नव्या टेबलावर आलेला गृहस्थ ऐटीत एक्का टाकतो आणि पानं ओढायला जातो. तोवर समोरच्या बाईंनी ती पानं निवांतपणे स्वतःपुढे ओढलेली असतात. त्यांच्या टेबलावर एक्का सगळ्यांत लहान असतो.

प्रत्येक टेबलावरचा कागद थोडा वेगळा होता, हे कुणालाच सांगितलेलं नसतं. एकीकडे एक्का मोठा, दुसरीकडे लहान. कुठे इस्पिक हुकूम, कुठे चौकट, कुठे हुकूमच नाही. बाकी सगळं सारखं, त्यामुळे फरक लक्षात यायला वेळ लागतो. तोवर माणसं आपापल्या स्वभावावर येतात. काहींना वाटतं, समोरचा लबाडी करतोय. काहींना वाटतं, त्याला खेळ कळलेलाच नाही. काही जण टेबलावर बोट आपटून हट्टाने पानं परत ओढतात. बरेच जण, विशेषतः नवे आलेले आणि हुद्द्याने लहान असलेले, दोन वेळा बघतात आणि मुकाट्याने यजमान टेबलाचा नियम पाळू लागतात. आपला नियम बरोबर होता का, हा प्रश्न ते स्वतःशीच गिळून टाकतात.

या खेळाचं नाव बार्नगा. तो रचला शिवशैलम त्यागराजन यांनी. प्रशिक्षणाच्या जगात ते ‘थिआगी’ म्हणून ओळखले जातात. मूळचे मद्रासचे, नंतर अमेरिकेत स्थायिक झालेले. १९८० साली अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेच्या कामासाठी ते पश्चिम आफ्रिकेत लायबेरियातल्या ग्बार्नगा या गावी होते. तिथे सहकाऱ्यांबरोबर ‘यूकर’ हा पत्त्यांचा खेळ खेळताना प्रत्येकाने नियम थोडे वेगळे समजून घेतले होते, आणि त्यावरून कुरबुर झाली. माणसांची भांडणं मोठ्या, उघड फरकांवरून होतात त्याहून जास्त अशा बारीक, न सांगितलेल्या फरकांवरून होतात, हे त्यागराजन यांना तिथे उमगलं. त्यातून हा खेळ निघाला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. पुढे १९९०मध्ये तो पुस्तकरूपाने आला. परदेशी जाणाऱ्यांच्या तयारीसाठी तो वापरला जातो, आणि दोन कंपन्या एक होतात किंवा दोन विभागांची मोट बांधली जाते तिथेही.

कामाच्या ठिकाणी ‘संघभावना वाढवण्यासाठी’ जे जे केलं जातं, त्यातलं पुष्कळसं मला अळणी वाटतं. डोळे बांधून मागे पडणं, शंभर कागदी पेले रचणं, रिसॉर्टवर दोरी ओढणं. पत्ते मात्र मी गंभीरपणे घेतो, आणि त्याचं कारण त्यातली मौज हे नाही. पत्त्यांचे जे खेळ माणसांना एकत्र काम करायला शिकवतात, त्या जवळजवळ सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ते बोलण्यावर बंधन घालतात. कोणी, कधी आणि किती बोलायचं हे हुद्दा ठरवत नाही, खेळ ठरवतो. आपल्या ऑफिसांमध्ये बोलण्याचा तुटवडा कधीच नव्हता. मीटिंगा आहेत, मेल आहेत, व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत, वर पुन्हा ‘जरा पाच मिनिटं बोलू या’ आहे. तुटवडा आहे तो दुसऱ्याच्या हातात काय आहे याचा अंदाज बांधण्याचा.

मराठी माणसाला हे लायबेरियातून शिकायची गरज नव्हती, कारण घरात मेंढीकोट होता. ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला १३ पानं. चार दश्श्यांपैकी तीन किंवा चार ज्या जोडीकडे, ती जिंकली. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते जिंकले. चारही दश्श्या एकाच जोडीने मारल्या की मेंढीकोट, आणि तेराच्या तेरा हात केले तर मग हरलेल्यांनी घरी जावं हे उत्तम. हुकूम ठरवण्याच्या रीती अनेक. बंद हुकमात एक जण आपलं पान पालथं ठेवतो आणि त्याचा रंग बराच वेळ गुप्त राहतो. कट हुकमात ज्याच्याकडे उतारीच्या रंगाचं पान पहिल्यांदा संपतं, तो जे पान टाकेल त्याचा हुकूम. नागपूर, कराड, डोंबिवली आणि बेळगाव इथली चार माणसं जेवणाच्या सुट्टीत एका टेबलावर बसली की पहिली दहा मिनिटं ‘आमच्याकडे असंच खेळतात’ यातच जातात. नवा माणूस ऑफिसात ‘आमच्या आधीच्या कंपनीत असं नव्हतं’ म्हणतो तेव्हा तो हेच म्हणत असतो.

या खेळातली एक चाल मला कुठल्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकापेक्षा बोलकी वाटते. भिडूने बदामाचा एक्का टाकला. तुमच्या हातात बदामाची दश्शी आहे. ती तुम्ही त्या एक्क्यावर टाकता. तुमच्याकडचं सगळ्यांत मोलाचं पान तुम्ही दुसऱ्याच्या हातात खपवता, कारण तिथे ते सुरक्षित आहे. हात त्याच्या नावावर होतो, दश्शी दोघांच्या. आता हीच दश्शी तुम्ही ‘पुढे मीच वाजवीन’ म्हणून धरून ठेवलीत, तर राजा विरोधी जोडीकडे असतो आणि ती हकनाक जाते. ऑफिसात स्वतःची चांगली कल्पना दुसऱ्याच्या सादरीकरणात घालू देणारी माणसं किती आणि ती धरून ठेवून वाया घालवणारी किती, हे ज्याचं त्याने मोजावं. आणि हे सगळं तोंडातून शब्द न काढता करायचं असतं. भिडूला ‘टाक रे आता’ म्हणालात तर डाव बाद. म्हणून मग खाणाखुणा येतात. कुणी खाकरतो, कुणी पान जरा जास्तच जोरात आपटतो, कुणाच्या काकूंना हुकूम आला की नेमकी चहाची आठवण होते.

ही लबाडी घरगुतीच असते असं नाही. ब्रिज हा मेंढीकोटाचा उच्चशिक्षित चुलतभाऊ. त्यात बोली लावताना आवाजाच्या चढउतारातून भिडूला इशारा जाऊ नये म्हणून १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये बोलीच्या छापील पट्ट्यांची पेटी आली. तोंडाने बोलायचं नाही, पट्टी काढून ठेवायची. १९७५मध्ये बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरपा पडदा उभा करण्यात आला, म्हणजे भिडू एकमेकांना दिसूच नयेत. तर त्याच स्पर्धेत इटलीची एक जोडी टेबलाखालून पायाला पाय लावताना आढळली आणि पडदा जमिनीपर्यंत नेण्याची पाळी आली. इतका आटापिटा कशासाठी? कारण न बोलता भिडूला समजून घेणं हाच खेळ आहे. ते काढून घेतलं की उरते फक्त पानांची नशीबवाटणी. याच ब्रिजमध्ये २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताला मिळवून दिलं. बर्धन तेव्हा साठीचे होते. पत्त्यांच्या टेबलावर वय आड येत नाही, हे भरतीच्या जाहिरातीत वयोमर्यादा घालणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

आता सॉफ्टवेअर कंपन्यांच्या हिंजवडीकडे वळू. तिथे आणि खराडीत, मगरपट्ट्यात, ऐरोलीत रोज कुठल्या ना कुठल्या मजल्यावर भर कामाच्या वेळेत पत्ते खेळले जातात आणि त्याचा पगारही मिळतो. त्याला ‘प्लॅनिंग पोकर’ म्हणतात. सॉफ्टवेअरचं एखादं काम किती मोठं आहे हे ठरवण्याची ही पद्धत जेम्स ग्रेनिंग या अमेरिकी प्रोग्रॅमरने २००२मध्ये मांडली. २००१मध्ये युटामध्ये जमून ज्या १७ जणांनी ‘ॲजाइल’ या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा जाहीरनामा लिहिला, त्यांतला तो एक. त्याची अडचण आपल्या ओळखीचीच होती. अंदाज बांधण्याच्या बैठकीत दोन ज्येष्ठ मंडळी वाद घालत बसायची, बाकीचे छताकडे बघायचे, आणि वेळ निघून जायचा. त्यावर त्याने उपाय काढला तो पत्त्यांचा. प्रत्येकाच्या हातात आकड्यांची पानं द्यायची. काम वाचून दाखवायचं. प्रत्येकाने मनात आकडा ठरवून पान पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं. माइक कोन याने २००५च्या आपल्या पुस्तकातून ही रीत जगभर नेली. आज जी पानं सर्रास दिसतात ती त्याच्या जोडातली: शून्य, अर्धा, १, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १००. शिवाय एक प्रश्नचिन्हाचं, आणि ‘आता चहा घेऊ या’ असं सुचवणारं कपाचं. आकडे वाढत जातात तशा मधल्या फटी रुंदावतात, कारण काम जितकं मोठं तितका त्याचा अंदाज ढोबळ. १३ की १४ यावर भांडत बसायची सोयच ठेवलेली नाही.

पान पालथं ठेवण्याला इतकं महत्त्व का, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. १९७४मध्ये अ‍ॅमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. लोकांसमोर एक आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबेल अशी व्यवस्था होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? चक्र १० वर थांबलेलं पाहिलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं, ६५ पाहिलेल्यांचं ४५. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता, तरी एकदा कानावर पडलेला आकडा मनाला खुंट्यासारखा धरून ठेवतो. इथे तर चक्रही नाही. इथे साहेब आहेत. साहेबांनी ‘मला वाटतं दोन दिवसांत व्हावं’ म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांचे आकडे दोनाच्या आसपास घोटाळू लागतात. ‘सर, तुम्ही म्हणाल तसं’ ही आपल्याकडची फार जुनी कार्यपद्धती आहे.

पानं उलटली की सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा लावणारे दोघे बोलतात. बाकीच्यांनी ऐकायचं. समजा लॉगिनसाठी ओटीपी घालायचं काम आहे. सहा जणांनी तीन टाकले, कोपऱ्यातल्या नव्या टेस्टर मुलीने १३. एरवी ती तोंड उघडणारच नव्हती, आणि उघडलं असतं तर ‘तू नवीन आहेस’ म्हणून विषय मिटला असता. आता तिला कारण सांगावंच लागतं. मग ती सांगते, ग्रामीण ग्राहकांपैकी बऱ्याच जणांचा मोबाइल नंबर घरातल्या दुसऱ्याच्या नावावर आहे, ओटीपी जाणार कुणाला? सहा जणांच्या कपाळावर आठ्या पडतात, पानं परत हातात घेतली जातात, दुसरी फेरी. हे उदाहरण मी रचलेलं आहे. पण ज्यांनी ही पद्धत नीट चाललेली पाहिली आहे त्यांना ते परकं वाटणार नाही. सगळ्यांत वेगळं पान टाकणाऱ्याला आधी बोलू देणं, हा एवढा एकच नियम आपल्या नगरपालिकांच्या सभांना लावून बघायला हवा.

ही पद्धत नासतेही, आणि फार पटकन नासते. एक तर कंटाळा. काही महिन्यांनी टीमला कळतं की पाचाचं पान टाकलं की कुणी काही विचारत नाही. मग सगळे पाचच टाकतात. दुसरं म्हणजे घाई. व्हिडिओ कॉलवर मॅनेजर म्हणतो, ‘पानं वगैरे राहू दे, पटापट आकडे सांगा’, आणि पहिल्याने सांगितलेला आकडाच गावभर फिरून परत येतो. तिसरं सगळ्यांत वाईट. वरच्या मजल्यावर कुणाला तरी सुचतं की हे आकडे जमवून टीमा-टीमांची तुलना करावी. या तिमाहीत अमुक टीमने ८० पॉइंट केले, तुम्ही ५५च कसे? झालं. दुसऱ्या दिवसापासून तीनाचं काम आठाचं होतं. मेंढीकोटात दर डावाचा हिशेब कुणी घरच्या वडीलधाऱ्यांना पाठवला असता आणि त्यावर दिवाळीची ओवाळणी ठरली असती, तर त्यातही कुणी भिडूच्या एक्क्यावर दश्शी टाकली नसती.

भिडू ओळखीचा असणं म्हणजे काय, याचा एक विलक्षण पुरावा गेल्या काही वर्षांत यंत्रांनी दिला. फ्रान्सच्या आंत्वान बोझाने ‘हानाबी’ नावाचा पत्त्यांचा खेळ केला. त्याला २०१३मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पाच रंगांची मिळून ५० पानं. गंमत अशी की स्वतःची पानं आपल्याला दिसत नाहीत. ती उलटी, इतरांकडे तोंड करून धरायची. मला तुमची दिसतात, तुम्हाला माझी. सगळ्यांनी मिळून प्रत्येक रंगाची एक ते पाच अशी चढती रांग लावायची. सूचना द्यायची तर मोजक्या शब्दांत, ‘ही दोन पानं लाल आहेत’ किंवा ‘हे पान तीन आहे’ एवढीच. दर सूचनेला एक चकती खर्च होते, आणि चकत्या आठच. सगळं जमलं तर पुरे २५ गुण. तुम्ही मला काय सांगितलंत यापेक्षा आत्ताच का सांगितलंत, हे ओळखण्यावर सगळा खेळ चालतो.

२०१९मध्ये डीपमाइंड आणि गूगलच्या संशोधकांनी हाच खेळ कृत्रिम बुद्धिमत्तेसमोर आव्हान म्हणून ठेवला. बुद्धिबळात आणि ‘गो’ या पटावरच्या खेळात माणसाला हरवून झालं होतं, पण तिथे एकाने दुसऱ्याला हरवायचं असतं. इथे सोबत खेळायचं होतं. स्वतःच्याच प्रतींबरोबर असंख्य डाव खेळून तयार झालेले प्रोग्रॅम आपसात चांगले गुण मिळवत. पण वेगळा शिकून आलेला अनोळखी प्रोग्रॅम भिडू म्हणून दिला की तेच प्रोग्रॅम कोसळत, गुण शून्याच्या आसपास येत. प्रत्येकाने आपल्या आपल्यात संकेतांची एक खासगी भाषा बनवली होती आणि ती बाहेर कुणाला कळत नव्हती. बार्नगाच्या टेबलांची गोष्ट हीच होती. दहा वर्षं एकत्र बसलेला एखादा विभाग अफाट वेगाने काम करतो, आणि तिथे बदली होऊन आलेला हुशार माणूस सहा महिने चाचपडत राहतो, तेव्हा दोष त्याच्या हुशारीत नसतो. तिथे ‘ती फाइल’ म्हणजे कोणती आणि ‘बघू’ म्हणजे हो की नाही, हे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

हानाबीच्या जातकुळीतले आणखी दोन खेळ ऑफिसात चांगले चालतात. वुल्फगांग वार्श याचा ‘द माइंड’ हा २०१८चा. एक ते शंभर आकड्यांची पानं, सगळ्यांनी मिळून ती चढत्या क्रमाने टाकायची, आणि बोलणं-खुणावणं दोन्ही बंद. माझ्याकडे ३७ आहे, समोरचा थांबलाय, म्हणजे त्याच्याकडे बरंच मोठं असणार, की तोही माझी वाट बघतोय? दुसरा थॉमस सिंगचा ‘द क्रू’. तो मेंढीकोट खेळणाऱ्यांना लगेच जमेल, कारण त्यात हात करायचे असतात, हुकूम असतो, रंगाला रंग द्यावा लागतो. फरक इतकाच की सगळे एकाच बाजूचे आणि अमुक पान अमक्याकडेच गेलं पाहिजे अशी कामगिरी वाटून दिलेली. प्रत्येकाला एकच पान उघडं करून दाखवता येतं, तेही ‘या रंगातलं हे माझं सगळ्यांत मोठं’, ‘सगळ्यांत लहान’ किंवा ‘एकमेव’ एवढंच सांगायला.

यातून खरोखर काम सुधारतं का, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. २०१८मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ३५२ जणांच्या नव्याने जुळवलेल्या टीमांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या टीमांनी ४५ मिनिटं एकत्र व्हिडिओ गेम खेळला, त्यांची नंतरच्या शोधकामातली कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली. पण तो पत्त्यांचा खेळ नव्हता, आणि माणसं एकमेकांना नवी होती. त्याआधी २००९मध्ये संघबांधणीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात उद्दिष्ट ठरवणं आणि कुणाचं काम कोणतं हे स्पष्ट करणं, या दोन गोष्टींचा परिणाम सगळ्यांत ठळक दिसला. म्हणजे कामाची वाटणीच धड नसलेल्या ऑफिसात पत्ते वाटून फार काही होणार नाही. बार्नगा चालवणारे जाणकार खेळानंतरच्या चर्चेलाच महत्त्व देतात. कुणाला कधी राग आला, कोण कधी गप्प झालं आणि का, हे बोलायला. ती चर्चा ‘वेळ नाही’ म्हणून गाळली तर लोक घरी जाताना एवढंच लक्षात ठेवतात की समोरचे खोटं खेळत होते.

सक्तीच्या मौजेचं एक प्रकरण फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पॅरिसमधल्या एका सल्लागार कंपनीत आठवडाअखेरची पेयपानं आणि एकत्र मौजमजा हा संस्कृतीचा भाग मानला जाई. त्यात न रमणाऱ्या एका कर्मचाऱ्याला २०१५मध्ये काढून टाकण्यात आलं. नोव्हेंबर २०२२मध्ये न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. कंपनीच्या मौजेत सामील न होणं हे त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असं ठरलं. आपल्याकडे अजून इतकं झालेलं नाही. आपल्याकडे शनिवारी दुपारी मेल येतो, ‘सर्वांची उपस्थिती अपेक्षित’, आणि मुलांना पाळणाघरातून आणायचं असलेली बाई हसऱ्या चेहऱ्याने पेले रचत बसते.

दिवाळीत मात्र पत्त्यांना आमंत्रण लागत नाही. पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणायची परंपराच आहे, आणि त्या दिवशी शंकर-पार्वतीनेही सारीपाट मांडला म्हणतात. हल्ली ऑफिसांत रांगोळी स्पर्धा आणि पारंपरिक पोशाखाच्या जोडीने संध्याकाळी तीन पत्तीही रंगते. खेळा, पण त्याला संघबांधणी म्हणू नका. तीन पत्तीत भिडू नसतो. तिथे जो तो आपल्यापुरता, आणि समोरच्याला घाबरवून डाव सोडायला लावणं हे कौशल्य. आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात १९६७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ मानलं, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. त्याच निकालात तीन पानी खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं. महाराष्ट्रात जुगाराला बंदी घालणारा कायदा तर १८८७पासूनचा आहे. पण मला कायद्यापेक्षा वेगळी चिंता वाटते. ज्युनिअरने साहेबांकडून दोन हजार जिंकले, की साहेबांनी ज्युनिअरकडून, दोन्ही बाबतीत सोमवारची मीटिंग जड जाते.

बिनपैशाचे, बिनसाहेबाचे, रोजचे पत्ते बघायचे तर मुंबईची लोकल आहे. मांडीवर ब्रीफकेस किंवा सॅक आडवी, त्यावर वर्तमानपत्र, चौघं खेळणारे आणि सहा बघणारे. एक बँकेतला, एक कोर्टात कारकून, एक फोर्टातल्या दुकानात, एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही. वर्षानुवर्षं तीच गाडी, तोच डबा. यांना कुणी संघबांधणीचा कार्यक्रम आखून दिलेला नव्हता, तरी एखादा चार दिवस दिसला नाही की घरी फोन जातो. हीच मंडळी जागा अडवून ठेवतात, नव्या प्रवाशाला खिडकीपाशी फिरकू देत नाहीत आणि कुणी हटकलं तर दहा जण एकदम उठतात, हेही तितकंच खरं. घट्ट झालेली टीम बाहेरच्याला कशी दिसते ते बघायचं तर सकाळच्या विरार गाडीत बघावं. एचआरच्या सादरीकरणात ही बाजू कधी येत नाही.

तिघांचीच टीम असेल तर माझं मत पाच-तीन-दोनला. ३० पानं, प्रत्येकाला दहा. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, पत्ते वाटणाऱ्याने दोन. पाचवाला पहिली पाच पानं बघून हुकूम सांगतो. जबाबदारी मोठी, म्हणून अधिकारही त्याचाच. पुढच्या डावाला हे आकडे फिरतात. आज ज्याच्यावर पाचाचा बोजा, उद्या त्याच्यावर दोनाचा. कुणाचा एखादा हात कमी पडला तर तो माफ होत नाही. पुढच्या डावात ज्याने जास्त केला, तो त्याच्या हातातलं एक पान न बघता ओढून घेतो आणि आपल्याकडचं नको असलेलं देतो. कमी पडणं लपत नाही, पण त्यावरून कुणाची बदनामीही होत नाही. फेडलं की संपलं. इतकी साफ हिशेबपद्धत मी कुठल्याच कंपनीच्या वार्षिक मूल्यमापनात पाहिली नाही.

आणि चौघं असतील, जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास उरत असेल, तर मेंढीकोटच. यायची सक्ती नको, पैसे नकोत, गुणांची वही नको. सुरुवातीला दोनच मिनिटं बंद हुकूम की कट हुकूम ते ठरवून घ्यावं, आणि ज्याच्या घरचा नियम वेगळा असेल त्याने तो आत्ताच सांगावा. भिडू स्वतः निवडायचे नाहीत. जोड पिसून पालथा पसरावा, प्रत्येकाने एक पान उचलावं, मोठी दोन एका बाजूला, लहान दोन दुसऱ्या. मॅनेजरचा भिडू परवा रुजू झालेला पोरगा निघाला तर निघू द्यावा. चार-पाच डाव झाले की पुन्हा पानं उचलून जोड्या बदलाव्यात, म्हणजे कुणाच्या खाकरण्याचा अर्थ कुणाला पाठ व्हायला नको.